इंग्रजीतून फ्रेंचमध्ये: शब्द आणि वाक्प्रचार नेताना मराठी हाताशी ठेवा

इंग्रजीच्या आधाराने फ्रेंच शिकलेला मराठी माणूस भाषांतराला बसला की पहिली गोष्ट करतो ती म्हणजे मराठी खुंटीला टांगतो. समजूत अशी की इंग्रजी आणि फ्रेंच शेजारणी आहेत, लिपी एकच, हजारो शब्द सारखे, मग मधे मराठीची लुडबूड कशाला? पण काळ, क्रियापदांची घडण, तू-तुम्हीचा भेद, 'मला' आणि 'त्याला'ने सुरू होणारी वाक्यं अशा कितीतरी ठिकाणी फ्रेंच इंग्रजीपेक्षा मराठीच्या जवळ आहे. ही जवळीक ओळखली की निम्म्या चुका होतच नाहीत.

हे मार्गदर्शन साधारण ए-२ ते बी-१ पातळीच्या (भाषाज्ञानाच्या युरोपीय मोजणीत प्राथमिकच्या पुढच्या ते मधल्या) वाचकासाठी आहे. व्याकरण ओळखीचं आहे, शब्दकोश चाळता येतो, पण स्वतः केलेलं भाषांतर फ्रेंच माणसाला दाखवलं की तो कसंनुसं हसतो, अशी ज्यांची गत आहे त्यांच्यासाठी.

फ्रेंच शब्द इथे देवनागरीत, उच्चाराच्या अंदाजाने दिले आहेत. लिहिताना त्यांचं रोमन स्पेलिंग शब्दकोशातूनच घ्या. उच्चारावरून फ्रेंच स्पेलिंग बनवणं हा हमखास फसण्याचा मार्ग आहे.

हाताशी काय हवं

- एक फ्रेंच-फ्रेंच शब्दकोश. लारूस ऑनलाइन फुकट आहे. 'पती रोबेर' विकत घ्यावा लागतो, पण जास्त खोल जातो.
- 'त्रेझोर द ला लाँग फ्राँसेझ' या मोठ्या कोशाची मोफत ऑनलाइन आवृत्ती. यात १७८९ ते १९६० या काळातली भाषा आहे. जुन्या वाक्प्रचारांसाठी खजिना आहे, मात्र मोबाइल-इंटरनेटचे शब्द यात शोधू नका.
- वर्डरेफरन्स. एका इंग्रजी शब्दाचे वेगवेगळे अर्थ वेगळे करून दाखवतो, हे त्याचं खरं बळ.
- लिंग्वी किंवा रिव्हर्सो कॉन्टेक्स्ट. इथे खऱ्या मजकुरातली वाक्यं समोरासमोर दिसतात. त्यातली बरीचशी स्वतःच भाषांतरित असतात, म्हणून इथून सुगावा घ्या, निकाल घेऊ नका.
- पारिभाषिक शब्दांसाठी फ्रेंच सांस्कृतिक मंत्रालयाचं 'फ्राँसतर्म' आणि कॅनडा सरकारचं 'टर्मियम प्लस'.
- एक वही. तिचं काय करायचं ते सहाव्या पायरीत आहे.

कोशातल्या संक्षेपांकडे नवखे बघतच नाहीत, आणि खरी माहिती तिथेच असते. 'फाम' म्हणजे घरगुती बोली, 'व्ह्युल्ग' म्हणजे असभ्य, 'पेझ' म्हणजे तुच्छतादर्शक, 'व्हिएयी' म्हणजे जुनाट वाटणारा, वापरातून जात चाललेला, 'लित' म्हणजे ग्रांथिक. अर्थ जुळला पण ही खूण जुळली नाही, तर तो शब्द तुमचा नाही.

## १. आधी ठरवा: कोण, कुणाला, कुठे

इंग्रजी 'यू' एकच आहे. फ्रेंचमध्ये 'त्यु' की 'व्हू' हे पहिल्या ओळीआधी ठरवावं लागतं, कारण क्रियापदं, स्वामित्वदर्शक शब्द, आज्ञार्थ हे सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. मराठी माणसाला हे नवं नाही: 'तू' आणि 'तुम्ही' असा भेद आपण झोपेतही करतो. मूळ इंग्रजी वाक्य मनात मराठीत म्हणून पाहा, सर्वनाम आपोआप निवडलं जाईल. एक सावधगिरी ठेवा. घरात आई-वडील, आजी-आजोबांना मराठीत आपण 'तुम्ही' म्हणत असलो, तरी आजच्या बहुतेक फ्रेंच घरांत सगळ्यांना 'त्यु'च म्हणतात. उलट, दुकानदार, रिक्षावाला, अनोळखी तरुण यांना मराठीत पटकन 'तू' निघून जातं. फ्रेंचमध्ये तिथे 'व्हू' नसेल तर तो उर्मटपणा ठरतो.

बोलणारा पुरुष की स्त्री, हेही आधीच कळायला हवं. 'आय अ‍ॅम हॅपी' या वाक्यात ते दडलेलं असतं. मराठीत 'मी थकलो', 'मी थकले' असा फरक होतो, तसा फ्रेंचमध्ये पुरुष 'झ स्युई कोंताँ' म्हणेल आणि स्त्री 'झ स्युई कोंताँत'. मूळ मजकुरात उल्लेख नसेल तर विचारून घ्या. अंदाजाने पुल्लिंग ठोकू नका. 'कझिन' आणि 'फ्रेंड' यांचंही तेच.

तिसरा प्रश्न, वाचक फ्रान्सचा की क्वेबेकचा (कॅनडातला फ्रेंचभाषक प्रांत), बेल्जियमचा की स्वित्झर्लंडचा. त्याचा तपशील आठव्या पायरीत.

## २. इंग्रजी वाक्य झाका, अर्थ मराठीत म्हणा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. इंग्रजी वाक्य वाचा, हाताने झाका, आणि त्याचा अर्थ बोली मराठीत म्हणा. शाळेतल्या भाषांतराची मराठी नको, घरात बोलतो ती. मग फ्रेंच लिहा. काही ठिकाणी हे चमत्कारासारखं चालतं.

*गतीची क्रियापदं.* 'ही स्वॅम अक्रॉस द रिव्हर.' इंग्रजीत पोहणं हे मुख्य क्रियापद आहे आणि पार जाणं एका छोट्या शब्दात आलंय. फ्रेंचमध्ये हे उलटतं: 'इल आ त्राव्हेर्से ला रिव्हिएर आ ला नाझ', म्हणजे पार करणं मुख्य, पोहणं त्याची रीत. आता मराठीत म्हणा: 'त्याने नदी पोहून पार केली.' घडण तीच! 'रॅन आउट' म्हणजे 'धावत बाहेर पडला', आणि फ्रेंच 'सोर्तीर आँ कूराँ' शब्दशः तेच.

*येणं आणि शकणं.* इंग्रजी 'आय कॅन स्विम'साठी नवखे 'झ पऽ नाझे' लिहितात. मराठीत 'मला पोहता येतं' आणि 'मी पोहू शकतो' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्याला फ्रेंचमध्ये 'साव्हुआर': 'झ से नाझे'. दुसऱ्याला 'पूव्हुआर', म्हणजे आज तब्येत बरी आहे, परवानगी आहे, पाणी आहे. त्याचप्रमाणे 'नो' या एका इंग्रजी क्रियापदाचे दोन भाग होतात. माहीत असणं 'साव्हुआर', ओळख असणं 'कोनॅत्र'.

*आठवण येणं.* 'आय मिस यू' म्हणजे 'त्यु म माँक'. शब्दशः 'तू मला उणा भासतोस'. कर्ता समोरची व्यक्ती, आणि अनुभव 'मला'. 'मला तुझी आठवण येते' या वाक्यातही मी कर्ता नाहीच. इंग्रजी क्रमाने 'झ त माँक' लिहिलंत, तर त्याचा अर्थ 'तुला माझी आठवण येते' असा होतो. प्रेमपत्रात ही चूक भलतीच महागात पडेल.

*काळ.* 'आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर फाइव्ह इअर्स' बघून भूतकाळ लिहायचा मोह होतो. मराठीत आपण 'मी पाच वर्षांपासून इथे राहतो' असा वर्तमानकाळच वापरतो, आणि फ्रेंचही: 'झाबीत इसी दप्युई सँक आँ'. तसंच 'व्हेन ही कम्स' इंग्रजीत वर्तमानात असलं तरी फ्रेंच 'काँ तिल व्हिएँद्रा' भविष्यात आहे, अगदी 'तो येईल तेव्हा'सारखं.

*आठ दिवस, पंधरा दिवस.* 'इन अ वीक' फ्रेंच बोलीत 'दाँ युई झूर' होतं, शब्दशः 'आठ दिवसांनी'. दोन आठवड्यांना 'कँझ झूर', पंधरा दिवस. आपला आठवडा आणि पंधरवडाही असेच मोजले जातात. मात्र करारातली मुदत काटेकोर दिवसांत मोजायची असेल तर असा बोलीतला शब्द वापरू नका.

*नकारार्थी प्रश्नाला होकार.* 'तू आला नाहीस?' याला मराठीत नुसतं 'हो' म्हटलं तर घोळ होतो, म्हणून आपण 'आलो की!' म्हणतो. फ्रेंचमध्ये त्यासाठी स्वतंत्र शब्द आहे: 'सी'. इंग्रजी 'येस' दिसला की आधीचा प्रश्न नकारार्थी होता का ते बघा. असेल तर 'वी' चालणार नाही.

(जाता जाता: 'कितवा' या शब्दाला इंग्रजीत सरळ शब्द नाही. फ्रेंच बोलीत 'कोंबिएँतिएम' आहे. व्याकरणशुद्ध लिहिणारे नाक मुरडतात, पण बोलतात सगळे.)

आता मराठी कुठे दगा देते तेही बघा. मराठीत उपपद (इंग्रजी 'अ', 'द'सारखा शब्द) नाही, त्यामुळे 'मी कॉफी पितो' आणि 'मला कॉफी आवडते' यांत 'कॉफी' सारखीच राहते. फ्रेंचमध्ये पिताना 'द्यु काफे', आवडताना 'ल काफे'. इंग्रजीतही इथे उपपद नाही, म्हणून दोन्ही भाषा मिळून चुकवतात. 'जर तो येईल तर' असं मराठीत चालतं, पण फ्रेंच अटीच्या 'सी'नंतर भविष्यकाळ येत नाही. 'सिल व्हिएँ' असा वर्तमानच हवा. आणि नाती: मावशी, आत्या, काकू, मामी या सगळ्या 'ताँत'. 'बॅल-मॅर' म्हणजे सासूही आणि सावत्र आईही. इंग्रजी मूळ 'मदर-इन-लॉ' असेल आणि संदर्भावरून उलगडा होत नसेल, तर 'नवऱ्याची आई' असं उलगडून लिहा.

## ३. सारखे दिसणारे शब्द एकेक करून तपासा

इंग्रजीत फ्रेंच मुळाचे शब्द इतके आहेत की दिसण्यावर विश्वास बसतो. सामासिक, शास्त्रीय शब्दांत तो बहुतेक वेळा बरोबरही ठरतो. घोटाळा होतो तो रोजच्या शब्दांत. हे आधी पाठ करा:

- 'आक्त्युएलमाँ' म्हणजे सध्या. 'अ‍ॅक्चुअली'साठी 'आँ फॅत'.
- 'एव्हाँत्युएलमाँ' म्हणजे कदाचित, वेळ आली तर. 'इव्हेंच्युअली'साठी 'फिनालमाँ'. करारात हे उलटसुलट झालं तर 'शेवटी पैसे देऊ'चं 'जमलं तर देऊ' होतं.
- 'देफिनितीव्हमाँ' म्हणजे कायमचं. 'डेफिनेटली'साठी 'साँ झोकँ दूत' किंवा 'आबसोल्युमाँ'.
- 'लिब्रॅरी' पुस्तकांचं दुकान. ग्रंथालय 'बिब्लिओतॅक'.
- 'साँसीब्ल' हळवा, संवेदनशील. समंजस माणूस 'रॅझोनाब्ल'.
- 'देसेप्सिओं' अपेक्षाभंग. फसवणूक 'त्रोंपरी'.
- 'दमाँदे' विचारणं, मागणं. त्यात दटावणी नाही. 'डिमांड'साठी 'एग्झिझे'.
- 'आसिस्ते' नंतर 'आ' आलं तर हजर राहणं. 'आताँद्र' म्हणजे वाट बघणं, 'अटेंड' नव्हे.
- 'एव्हिदाँस' म्हणजे उघड गोष्ट. पुरावा 'प्रव्ह'.
- 'लोकासिओं' भाड्याने घेणं-देणं. 'मोने' सुटे पैसे किंवा चलन, 'मनी'साठी 'आर्झाँ'.
- 'प्रेझेर्व्हातीफ' म्हणजे निरोध. अन्न टिकवायचं रसायन 'कोंसेर्व्हातर'. खाद्यपदार्थाच्या लेबलवर ही चूक झाली तर दुरुस्ती होईपर्यंत सगळे हसून घेतील.

दोन वाक्यं वेगळी सांगायला हवीत. जेवणानंतर 'आय अ‍ॅम फुल' म्हणून 'झ स्युई प्लँ' म्हणू नका. बोलीत त्याचा अर्थ दारू चढली असा होतो, आणि स्त्रीलिंगी रूप गाभण जनावरासाठी वापरतात. 'झ ने प्ल्यु फँ', आता भूक नाही, एवढं पुरे. आणि 'आय अ‍ॅम एक्सायटेड'साठी 'एक्सिते' टाळा, त्याला लैंगिक छटा येऊ शकते. उत्सुकता सांगायची असेल तर 'झे आत'.

## ४. एका इंग्रजी शब्दाच्या फांद्या मोजा

'गेट', 'रन', 'टेक', 'टाइम' हे शब्द आले की थेट शब्दकोशाकडे धावू नका. आधी मराठी क्रियापद घाला. 'गेट'चं मराठीत मिळणं, होणं, समजणं, पोहोचणं, आणणं असं काहीतरी होईल, आणि मग फ्रेंच बाजू आपोआप उलगडते: 'ओप्तनीर', 'दव्हनीर', 'कोंप्राँद्र', 'आरिव्हे', 'आले शेर्शे'. 'टाइम'चे वेळ, वाजले, खेप आणि काळ असे भाग पाडा: 'ताँ', 'अर', 'फुआ', 'एपोक'.

'रूम' शब्दाने अनेक जण फसतात. 'शाँब्र' म्हणजे झोपायची खोली किंवा हॉटेलची खोली. घरातली कुठलीही खोली 'पिएस', आणि वर्गासारखी सार्वजनिक जागा 'साल'. नदीतही भेद आहे: समुद्राला मिळते ती 'फ्लव्ह', दुसऱ्या नदीला मिळते ती 'रिव्हिएर'. जागेला भेट द्यायची तर 'व्हिझिते', माणसाला भेटायचं तर 'राँद्र व्हिझीत'.

'लाइक' आणि 'लव्ह' दोन्हींना 'एमे' आहे. गंमत अशी की 'बिएँ' म्हणजे 'छान' हा शब्द जोडला की भावना वाढत नाही, उतरते. 'झ तॅम' हे प्रेम. 'झ तॅम बिएँ' म्हणजे 'तू बरा वाटतोस मला'.

## ५. लिंग शब्दाबरोबरच लिहून घ्या

फ्रेंचमध्ये नपुंसकलिंग नाही, म्हणून मराठी लिंगावर भरवसा नको. चंद्र आपल्याकडे पुल्लिंगी, 'ल्युन' स्त्रीलिंगी. पुस्तक नपुंसकलिंगी, 'लीव्ह्र' पुल्लिंगी. आणि 'ला लीव्ह्र' केलंत तर तो पौंड होतो. 'ल पोस्त' म्हणजे पद, 'ला पोस्त' म्हणजे टपाल. शेपटावरून थोडा अंदाज येतो: 'सिओं'वर संपणारे बहुतेक स्त्रीलिंगी; 'माँ' आणि 'आझ'वर संपणारे बहुतेक पुल्लिंगी, पण 'पाझ', 'इमाझ', 'प्लाझ' हे तीन रोजचे अपवाद ध्यानात ठेवा.

विशेषणाची जागा बदलली की अर्थ बदलतो. 'मा प्रोप्र शाँब्र' माझी स्वतःची खोली, 'मा शाँब्र प्रोप्र' माझी स्वच्छ खोली. 'आँसिएँ' नामाआधी आलं तर माजी, नंतर आलं तर जुना.

## ६. वाक्प्रचार: चित्र सोडा, काम बघा

विने आणि दार्बेल्ने या दोन भाषाभ्यासकांनी १९५८ मध्ये इंग्रजी-फ्रेंच भाषांतराच्या सात रीती मांडल्या. वाक्प्रचारांना लागते ती त्यातली 'समतुल्यता': तोच प्रसंग दुसऱ्या भाषेत ज्या ठरलेल्या शब्दांनी सांगतात, ते शब्द घ्यायचे. त्यासाठी वाक्प्रचार आला की क्रमाने चार गोष्टी करा.

अ. काम ओळखा. वाक्प्रचार इथे काय करतोय, चिडवतोय, बजावतोय की सांत्वन करतोय, ते मराठी म्हणीने पकडा. 'डोंट काउंट युअर चिकन्स बिफोर दे हॅच' म्हणजे आपलं 'बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी'. फ्रेंच माणूस म्हणेल, अस्वल मारायच्या आधी त्याचं कातडं विकू नका: 'व्हाँद्र ला पो द लूर्स'. 'पुटिंग द कार्ट बिफोर द हॉर्स' म्हणजे 'आधी कळस मग पाया', आणि फ्रेंचमध्ये बैलांपुढे नांगर: 'मॅत्र ला शार्यु आव्हाँ ले बऽ'.

आ. चित्र तेच आहे का ते तपासा. कधी असतं. 'ब्रेक द आइस' म्हणजे 'ब्रिझे ला ग्लास', बैलाची शिंगं पकडणं 'प्राँद्र ल तोरो पार ले कोर्न'. कधी एकच शब्द सरकतो: 'द बॉल इज इन युअर कोर्ट'मधलं कोर्ट फ्रेंचमध्ये 'काँ', म्हणजे गोट, बाजू, होतं. 'एका दगडात दोन पक्षी' फ्रेंचमध्येही एकाच दगडाने साधतात, पण पक्षी गायब. 'फॅर द्युन पिएर दऽ कू', एका दगडात दोन फटके.

बहुतेक वेळा चित्र सगळंच बदलतं, आणि फ्रेंचांना मांजराचं जरा वेडच आहे. इंग्रज घशात बेडूक अडकला म्हणतो, फ्रेंच माणसाच्या घशात मांजर असतं: 'आव्हुआर अँ शा दाँ ला गोर्झ'. इंग्रजाला तळायला दुसरे मासे असतात, फ्रेंचाला झोडपायला दुसरी मांजरं: 'दोत्र शा आ फुएते'. झोपलेलं कुत्रं फ्रेंचमध्ये झोपलेलं मांजर होतं. फावड्याला फावडं म्हणण्याऐवजी मांजराला मांजर म्हणतात: 'आपले अँ शा अँ शा'. आणि जिथे इंग्रजीत खरोखर मांजरं आहेत, त्या 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज'मध्ये फ्रेंचला एकही लागत नाही. तिथे दोर पडतात: 'इल प्लऽ दे कोर्द'.

आणखी काही, रोज लागणारे:

- 'कॉस्ट अ‍ॅन आर्म अँड अ लेग': 'कूते ले झ्यऽ द ला तॅत', डोक्यातले डोळे किंमत म्हणून.
- 'व्हेन पिग्ज फ्लाय': 'काँ ले पूल ओरों दे दाँ', कोंबड्यांना दात येतील तेव्हा.
- 'द लास्ट स्ट्रॉ': 'ला गूत दो की फॅ देबोर्दे ल व्हाझ', भांडं सांडवणारा थेंब.
- 'स्पिल द बीन्स': 'व्हाँद्र ला मॅश', वात विकणं.
- 'बीट अराउंड द बुश': 'तूर्ने ओतूर द्यु पो', भांड्याभोवती घिरट्या.
- 'हॅव युअर केक अँड ईट इट': लोणीही हवं आणि लोण्याचे पैसेही, 'ल बर ए लार्झाँ द्यु बर'.
- 'स्पीक ऑफ द डेव्हिल': 'काँ तों पार्ल द्यु लू', लांडग्याचं नाव काढलं की. आपण अशा वेळी समोरच्याला शंभर वर्षं आयुष्य देतो, फ्रेंच त्याला लांडगा करतात.
- 'टेक फ्रेंच लीव्ह': 'फिले आ लाँग्लॅझ', इंग्रजी पद्धतीने सटकणं. न सांगता निघून जाण्याचं खापर दोघेही एकमेकांवर फोडतात.

इ. जुळ्यांपासून सावध. चित्र जुळलं तरी अर्थ जुळेलच असं नाही. 'बर्न युअर ब्रिजेस' म्हणजे परतीचा रस्ता बंद करणं. 'कूपे ले पों', पूल तोडणं, हे मात्र कुणाशी संबंध तोडणं. परतीच्या रस्त्यासाठी फ्रेंच माणूस जहाजं जाळतो: 'ब्र्युले से व्हेसो'.

ई. पोत आणि व्याकरण तपासा. 'कासे सा पीप', चिलीम फोडणं, हे 'किक द बकेट'ला चपखल बसतं, पण दोन्ही टवाळ आहेत. शोकसंदेशात 'देसेदे' किंवा 'मूरीर' लिहा. मूळ लेखकाने इंग्रजीत टवाळी केली असेल तरच फ्रेंचमध्ये करा. वाक्प्रचार गोठलेला असतो, म्हणून अनेकवचन, उपपद, शब्दक्रम हलवायचा नाही. बेशुद्ध पडणं 'तोंबे दाँ ले पोम' आहे, म्हणजे सफरचंदं अनेकच. एका सफरचंदात कुणी पडत नाही. काहींना ठरावीक शब्दयोगी अव्यय लागतं: भेटीची वेळ देऊन न येणं म्हणजे 'पोझे अँ लापँ आ' अमक्याला, म्हणून 'इल मा पोझे अँ लापँ', त्याने मला टांग मारली. कोशात हे मुख्य नामाखाली सापडतं, इथे सशाखाली.

समतुल्य सापडलाच नाही तर? साधं लिहा. ओढूनताणून बसवलेल्या म्हणीपेक्षा सरळ वाक्य केव्हाही बरं. आपण नवी म्हण घडवावी, असं वाटू लागलं की पेन खाली ठेवा. एकच अडचण राहते: मूळ लेखकाने चित्र पुढे खेळवलं असेल, म्हणजे पक्षी मारून पुढच्या ओळीत त्यांची पिसंही उडवली असतील, तर फ्रेंच दगडाला पिसं नसतात. तेव्हा दोन्ही ओळी एकत्र घेऊन विनोद दुसरीकडे वसूल करा.

वहीचं काम इथे. चार रकाने: इंग्रजी, मराठी अर्थ किंवा म्हण, फ्रेंच, आणि खूण (घरगुती, ग्रांथिक, क्वेबेक वगैरे). खाली एक पूर्ण फ्रेंच वाक्य, तेही कुठेतरी वाचलेलं. स्वतः बनवलेलं वाक्य वहीत घालू नका; चूक पाठ होते.

## ७. आकडे आणि चिन्हं

सगळ्यात महाग चूक: इंग्रजी 'बिलियन' म्हणजे एक अब्ज, फ्रेंच 'मिलियार'. फ्रेंच 'बिलियों' त्याच्या हजारपट, लाख कोटी. अर्थसंकल्पाच्या बातमीत हे दोनदा तपासा.

दशांशाला स्वल्पविराम, हजारांमध्ये मोकळी जागा: १ २३४,५६. वार आणि महिने लहान अक्षराने सुरू होतात. अमेरिकी 'फर्स्ट फ्लोअर' म्हणजे तळमजला, 'रे द शोसे'. ब्रिटिश 'फर्स्ट फ्लोअर' आपल्यासारखाच पहिला मजला.

अवतरणाला दुहेरी कोनाची चिन्हं, आत जागा सोडून. फ्रान्समध्ये प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह, अर्धविराम, अपूर्णविराम यांच्याआधी न तुटणारी जागा लागते. क्वेबेकमध्ये यांपैकी फक्त अपूर्णविरामाआधी. १९९० च्या शुद्धलेखन-सुधारणेमुळे 'कूते'सारख्या काही शब्दांवरची टोपी (स्वरावरचं '^' चिन्ह) ऐच्छिक झाली. दोन्ही रूपं चालतात, पण एका मजकुरात एकच ठेवा.

## ८. कुठली फ्रेंच?

फ्रान्समध्ये दुपारचं जेवण 'देझने', रात्रीचं 'दिने'. क्वेबेक, बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये 'देझने' सकाळी, 'दिने' दुपारी, 'सूपे' रात्री. आमंत्रणाचं भाषांतर करताना वेळही आकड्यात लिहा, म्हणजे कुणी उपाशी राहणार नाही. सत्तर आणि नव्वद फ्रान्समध्ये 'सुआसाँत-दिस' आणि 'कात्र-व्हँ-दिस'. बेल्जियम, स्वित्झर्लंडमध्ये सुटसुटीत 'सेप्ताँत' आणि 'नोनाँत'. 'गोस' फ्रान्समध्ये पोरं, क्वेबेकमध्ये वृषण. ई-मेलचं 'कूरिएल' क्वेबेकमधून आलं, २००३ मध्ये फ्रान्सने अधिकृत केलं, पण फ्रान्समध्ये बोलताना बहुतेक 'मेल'च म्हणतात.

## ९. एक वाक्य शेवटपर्यंत नेऊन

मूळ: 'ही अ‍ॅक्चुअली रॅन आउट ऑफ द रूम व्हेन ही हर्ड द तिकिट्स कॉस्ट अ‍ॅन आर्म अँड अ लेग.'

मराठी: 'तिकिटांना अव्वाच्या सव्वा पैसे पडतात हे कळल्यावर तो चक्क खोलीतून धावत बाहेर पडला.'

मराठीनेच चार निर्णय दिले. 'अ‍ॅक्चुअली' इथे दुरुस्ती सांगत नाही, आश्चर्य सांगतं, म्हणजे 'चक्क'. म्हणून 'आँ फॅत' नको, 'कारेमाँ' हवं. 'कारेमाँ' बोलीकडे झुकतं, पण वाक्यच गप्पांतलं आहे. 'धावत बाहेर' म्हणजे 'सोर्ती आँ कूराँ'. 'हर्ड' म्हणजे आवाज ऐकला नाही, बातमी कळली, 'आप्री'. खोली झोपायची आहे असं कुठेच म्हटलेलं नाही, म्हणून 'पिएस'. वाक्प्रचाराला डोळे. उरला काळ: किंमत ही चालू स्थिती, त्यामुळे अपूर्ण भूतकाळ.

'इल ए कारेमाँ सोर्ती द ला पिएस आँ कूराँ काँ तिल आ आप्री क ले बिये कूते ले झ्यऽ द ला तॅत.'

## १०. सुपूर्द करण्याआधी

फ्रेंच मजकूर इंग्रजीपेक्षा साधारण १५ ते २० टक्के लांबतो. बटण, तक्ता, उपशीर्षक अशी मोजकी जागा असेल तर आधीच विचारून घ्या.

शंका असलेला शब्दसमूह अवतरणचिन्हांत घालून शोधा आणि शोध फक्त फ्रेंच किंवा कॅनडाच्या संकेतस्थळांपुरता ठेवा. निकाल मोजकेच आले आणि तेही भाषांतरित पानांवरचे, तर तो वाक्प्रचार तुमच्या डोक्यातून निघालाय. यंत्राचं भाषांतर घेतलं असेल तर सर्वनामं आणि लिंग नजरेखालून घाला. पहिल्या परिच्छेदात 'व्हू' आणि तिसऱ्यात 'त्यु' असा प्रकार तिथे वारंवार सापडतो.

एक दिवस मजकूर बाजूला ठेवा, मग मूळ इंग्रजी न बघता फ्रेंच मोठ्याने वाचा. जीभ अडखळली तिथे खूण करा. बहुतेक वेळा खाली इंग्रजीच सापडतं. शेवटी फ्रेंच भाषकाला दाखवताना इंग्रजी दाखवू नका, नाहीतर तोही त्याच वळणाने विचार करू लागतो. आणि 'बरोबर आहे का?' असं विचारू नका, भिडेखातर 'हो' येतं. विचारा, 'हे तुम्ही कुणाला म्हणाल, आणि कुठे?'